मरळ म्हणजे ती

गोरक्ष: मंग? कुठं हाय ती?

कुंदन: हळू बोला, दादा. खाली आहे.

गोरक्ष: खाली तं नुसतं पाणी दिसतंय.

कुंदन: पाण्यातच आहे.

गोरक्ष: दाजी, टमाट्याची तोड मजुरांच्या भरवशावर टाकून आलोय मी. बहीण फोनवर रडली म्हणून गिरणाऱ्याहून पिकअप काढली ती थेट नाशकात इंदिरानगर गाठलं. म्हटलं, दाजींची ती बाई कोण हाय ते पाहू, चार शब्द सुनावू, लागलं तं दोन ठेवून देऊ. आन् तुम्ही मला ह्या दगडाच्या खाणीवर आणून उन्हात बसवलं. डोकं आधीच तापलंय माझं.

साधना: दादा, तुला गाडीत सांगितलं ना. यांचं म्हणणं, बाई नाहीच, मासा आहे. शनिवारी कंपनीला सुट्टी, बायको घरात, पोरगी शाळेत, आणि हे स्कूटर काढून इथे माशाला भेटायला येतात.

कुंदन: धरायला येतो.

साधना: हो, धरायला. आणि एवढ्या शनिवारांत घरात एक खवलं नाही आलं. लोकांचे नवरे मासे धरायला जातात तेव्हा मासे आणतात. नाहीच मिळाले तर येताना बाजारातून विकत घेऊन पिशवीत घालतात. यांना तेवढंही सुचलं नाही.

गोरक्ष: ते मातर खरं. खोटं बोलायचं तं माणसानं जरा तयारीनं बोलावं.

कुंदन: मी सोडून देतो.

गोरक्ष: काय सोडून देता?

कुंदन: मासा. धरतो, बघतो, परत पाण्यात सोडतो.

गोरक्ष: का?

कुंदन: तसंच असतं ते.

साधना: ऐकलंस? तसंच असतं ते. मी पण उद्यापासून वांगी चिरते, बघते आणि परत टोपलीत ठेवते. जेवायला बसा मग सगळे टोपलीभोवती.

गोरक्ष: दाजी, आख्ख्या जिल्ह्यात मासा धरून सोडणारा माणूस मी पाहिला नाय. धरणावर लोकं रात्र रात्र बसतात, गावलेला मासा पोराच्या हातीसुद्धा देत नाय.

कुंदन: माझ्या आतेभावाने, शेखरने, अमेरिकेहून एक व्हिडिओ कॅसेट पाठवली होती. तिकडे असं धरतात. बास...

गोरक्ष: बास कशाला? आत्ता तं सुरू केलं. बोला की पुढं.

कुंदन: नाही, माशाचं नाव आहे ते. बास.

गोरक्ष: हे नाव हाय?

कुंदन: हो. तिकडचा मासा. ऊन चढलं की तो वरचं पाणी सोडतो, खोल जाऊन कपारीला बसतो. तेव्हा त्याला भूक कमी असते. मोठा गळ, जाड दोरी, धबकन टाकलं की तोंडच उघडत नाही. मग बारीक काम करायचं. हे बघा, गळाचा हा नायलॉनचा दोरा, तंगूस, किती बारीक आहे. शिसं एवढंसं. ते एकदम खाली बांधायचं आणि गळ त्याच्या वर हातभर. शिसं तळाला टेकतं, गळ अधांतरी राहतो. आणि ओढायचं नाही. काठीचं टोक नुसतं थरथरवायचं. खाली अळी जागच्या जागी हलते. मासा बघत बसतो आणि शेवटी त्यालाच राहवत नाही.

गोरक्ष: ही अळी हाय? रबराची दिसती.

कुंदन: सायकलची व्हॉल्व ट्यूब. तिकडे सिलिकॉनची मिळते, इथे कुठून आणणार? तिला वास लागतो म्हणून सुकट चोळतो.

साधना: सुकट! अहो, माझी सुकट? मी त्या भांडीवाल्या लताबाईंवर आळ घेतला. बिचारी शपथा खात होती. आणि ती माझी सुकट व्हॉल्व ट्यूबला चोळत होतात? आमच्या ताटात कधी एवढ्या प्रेमाने काही वाढलं नाही तुम्ही.

गोरक्ष: साधे, सुकटीचं नंतर पाहू. दाजी, हा अमेरिकेचा बास हाय का ह्या खाणीत?

कुंदन: नाही.

गोरक्ष: मंग?

कुंदन: इथे मरळ आहे. स्वभाव साधारण तसाच.

साधना: स्वभाव जुळला. वा. पत्रिका पाहिली का?

गोरक्ष: मरळ? लय मोठी?

कुंदन: बऱ्याच लहान आहेत. एक मात्र आहे... हाताएवढी. काळीभोर. त्या समोरच्या कपारीखाली असते. अशी अंग चोरून.

साधना: बघ. बघ दादा, आवाज ऐक. हाच आवाज. फोनवर यांच्या त्या मित्राशी, जीवनशी, अगदी असंच चाललं होतं. मी स्वयंपाकघरात कणीक मळत होते. शब्दन् शब्द पाठ झालाय माझा. 'जीवन, ती सावलीत बसते रे. घाई केली की बिथरते. आपण नुसतं हळूहळू चालू ठेवायचं. तिच्या मनात आलं की आपणहून येते.'

गोरक्ष: अरारारा.

साधना: थांब, संपलं नाही. 'मागच्या शनिवारी आली होती. काय सुंदर आहे. पण ओठाला जरा लागलं तिच्या, वाईट वाटलं मला.'

गोरक्ष: दाजी!

कुंदन: गळ लागला, दादा. गळ ओठातच लागतो.

साधना: 'मग एकदा मुका घेतला आणि सोडून दिली. घरी काय सांगणार?'

गोरक्ष: हे तुम्ही बोलले?

कुंदन: बोललो.

गोरक्ष: मुका?

कुंदन: कॅसेटमधला माणूस घेतो. सोडायच्या आधी. रीत आहे त्यांची.

गोरक्ष: माशाचा?

कुंदन: हो.

गोरक्ष: तोंडाचा?

कुंदन: एकदाच घेतला हो. कोणी बघत नव्हतं म्हणून.

साधना: कोणी बघत नव्हतं म्हणून! शेजारच्या प्रतिभावहिनी नेमकं हेच म्हणाल्या. 'साधनावहिनी, कोणी बघत नसलं की सगळे पुरुष सारखे.'

गोरक्ष: पण मला एक कळत नाय. मासा म्हणजे तो. तुम्ही ती, तिला, तिच्या, काय लावलंय कव्हाचं?

कुंदन: मासा तो. मरळ ती. मरळीला तो कसं म्हणू?

गोरक्ष: ...हा. ते बरोबर हाय. आपण पण ती मरळच म्हणतो.

साधना: म्हणजे यांनी रोहू धरला असता तर माझा संसार सुखाचा होता. कटला चालला असता. झिंगासुद्धा चालला असता. पण नाही, यांना आख्ख्या मराठीतून नेमका बाईमाणूस मासा सापडला.

गोरक्ष: आन् त्या साबणाचं काय? साधी म्हणली, दाजी शनिवारी घरी येतात ते वासाच्या साबणानं अंघोळ करून येतात. चंदनाचा वास येतो.

कुंदन: अंघोळ नाही, हात धुतो. जीवनच्या घरी. हीच म्हणाली होती एकदा, माशाचा वास घेऊन घरात यायचं नाही म्हणून.

साधना: मी कधी म्हणाले?

कुंदन: जुनी गोष्ट आहे. पहिल्यांदा आलो होतो इथे तेव्हा.

साधना: बाकी मी सांगितलेली एक गोष्ट लक्षात राहत नाही. दळण आणा म्हटलं तर राहत नाही, गॅसचा नंबर लावा म्हटलं तर राहत नाही. ही बरी राहिली.

कुंदन: काय म्हणालीस?

साधना: काही नाही. तुम्ही तुमच्या तिच्याकडे लक्ष द्या.

गोरक्ष: आता माझं ऐका दोघं. मी सरळ माणूस हाय. साधीची बॅग पिकअपमधी हाय. निकिताची शाळा सुटली की पोरीला घेऊन आम्ही गिरणाऱ्याला जाणार, असं आमचं ठरलंय. तव्हा दाजी, तुमच्याकडं तेवढा वेळ हाय. मरळ दाखवा. मरळ दिसली तं तुम्ही खरे, मी साधीला तुमच्या घरी सोडून देतो. नाय दिसली तं मंग आमची माणसं बसतील आन् बोलतील.

कुंदन: दाखवतो. पण तुम्ही जरा गप्प बसायला हवं.

गोरक्ष: मी बोलतोच कुठं? लहानपणापासून मी कमी बोलणारा. आमच्या आईला इचारा. गोरक्ष कसा हाय, तं गोरक्ष म्हणजे...

कुंदन: दादा.

गोरक्ष: बरं. हे बसलो.

साधना: दोन मिनिटं नाही राहणार.

गोरक्ष: पण काय हो दाजी, हे हलवायचं किती वेळ?

साधना: बघ.

कुंदन: ती येईपर्यंत.

गोरक्ष: आमच्याकडं नदीला मूठभर पीठ फेकलं की ढीगभर मासे येतात. जाळं टाकायचं, उचलायचं, घरी जायचं. हे म्हणजे सुई घेऊन वावर नांगरण्यासारखं हाय.

कुंदन: ते बघा. बुडबुडा आला. पाहिलात?

गोरक्ष: कुठं?

कुंदन: कपारीपाशी. मरळ वर येऊन हवा घेते, मग सरळ खाली जाते. आता ती जागी आहे. आता कोणी हलू नका. दगडावर पाय वाजवू नका.

साधना: तिची झोप झाली का म्हणावं नीट? चहा टाकू?

कुंदन: श्श.

साधना: मला श्श?

कुंदन: थांब... थांब. आली. जवळ आली. बघत बसलीये.

गोरक्ष: तुम्हाला कसं कळतंय? काठी तं हलत पण नाय.

कुंदन: बोटाला लागतं. तंगूसावर बोट ठेवलंय ना. जरा जड झालं. तोंडात धरलीये तिने, पण अजून मनातून नाही धरली. आता ओढलं की थुंकून टाकेल. हं... घे बाई. सावकाश घे. घाई नाही कोणाला...

गोरक्ष: वाकली! दाजी, काठी वाकली! ओढा!

कुंदन: नाही ओढायचं.

गोरक्ष: ओढा हो! गेली, गेली!

कुंदन: जाऊ दे. जाऊ दे तिला जिथे जायचं तिथे. दमेल. तंगूस बारीक आहे, हिसका दिला तर तुटेल. ये... ये... अशी ये.

गोरक्ष: आयला! साधे, पाह्य! ही बघ! मरळ! केवढी हाय! हाताएवढी म्हणले, ही तं मांडीएवढी हाय! दाजी, आणा इकडं, मी धरतो. मिरची, लसूण, कोथिंबीर, वरतून आमचा टमाटा... अहो! अहो, काय केलं?

कुंदन: अं?

गोरक्ष: सोडली!

कुंदन: सवयीने गेली हो हातून.

गोरक्ष: सोडली यानं! साधे, पुरावा सोडून दिला या माणसानं! कोर्टात असं केलं असतं तं जन्मठेप झाली असती!

साधना: मुका राहिला वाटतं आज. लोक होते म्हणून.

गोरक्ष: अगं पण पाह्यली ना आपण. मी पाह्यली, तू पाह्यली. खवल्यासकट मासा हाय. दाजी खरे निघाले. झालं. मिटलं. दाजी, माफ करा, मी काय काय बोललो. पण खरं सांगू का, बाई असती तं मला समजलं असतं. हे मला मरेपर्यंत नाय समजायचं.

कुंदन: राहू दे हो, दादा.

गोरक्ष: चल साधे, ऊठ. तुला घरी सोडतो आन् तोडीला पळतो. मजुरांनी हिरवे पण तोडले असतील एव्हाना.

साधना: मी गिरणाऱ्याला येतेय.

गोरक्ष: आता काय?

साधना: बॅग भरलेली आहे. काढू नको.

गोरक्ष: अगं बाई नाय ना! मासा निघाला! डोळ्यानं पाह्यला!

साधना: दादा, बाई असती तर बरं झालं असतं. बाई असती तर तिच्या झिंज्या उपटल्या असत्या, यांना दोन लावल्या असत्या, तू चार लावल्या असत्या. हे रडले असते, मी रडले असते, मिटलं असतं. पण माशाशी कशी भांडू मी? त्याला झिंज्या पण नाहीत.

गोरक्ष: म्हणजे बाई नाय याचा राग आला तुला?

साधना: तू ऐकलंस ना आत्ता, कसे बोलत होते? 'घे बाई, सावकाश घे, घाई नाही कोणाला.' ऐकलंस? लग्न झाल्यापासून माझ्याशी बोलतात ती वाक्यं मी तुला मोजून दाखवते, एका हाताच्या बोटांत बसतील. 'किल्ली कुठे आहे?' 'मीठ कमी आहे.' 'लाईट बंद कर.' संपलं. मी काही बोलले तर भिंत बरी, भिंतीवर निदान पाल चुकचुकते. हा आवाज यांच्याकडे आहे हेच मला माहीत नव्हतं. मला वाटायचं, असतात काही माणसं कोरडी, आपलं नशीब. आणि सगळा ओलावा इथे खाणीत आणून ओततात. मला नाही राहायचं. खरंच नाही राहायचं, दादा. मी थकले.

गोरक्ष: दाजी, बोला काय तरी.

कुंदन: काय बोलू?

गोरक्ष: मला काय इचारता? मी तं टमाट्याचा माणूस. साधे, मी पिकअप वळवून आणतो. वर रस्ता लय अरुंद हाय, वेळ लागंल. तोवर तुमचं काय ते पाहा.

(गोरक्ष चढण चढून पिकअप वळवायला जातो.)

साधना: बघा, तो पण कंटाळला. तुम्ही टाका परत गळ. लाजू नका.

कुंदन: टाकतो. हात मोकळे राहिले की मला सुचत नाही.

साधना: टाका. ...तुम्हाला एक विचारू? मी गेले तर तुमच्या लक्षात कधी येईल? मीठ कमी पडल्यावर? ...बरं, राहू दे. ...ऐकताय ना? मी काहीतरी विचारलं.

कुंदन: ...

साधना: हे. हेच. हे असंच. मी बोलतेय आणि तुम्ही पाण्याकडे बघताय. मी काय म्हणाले आत्ता? सांगा बरं. सांगा! मी काय म्हणाले?

कुंदन: काही म्हणालीस का?

साधना: झालं. निघाले मी.

कुंदन: साधना, थांब. इकडून ये. या बाजूला बस.

साधना: का? तिथून ती दिसते का नीट?

कुंदन: त्या बाजूने मला ऐकू येत नाही.

साधना: म्हणजे?

कुंदन: डावा कान गेलाय.

साधना: ...गेलाय म्हणजे काय गेलाय? कधी?

कुंदन: कंपनीत प्रेस शॉपला, पत्रा ठोकायच्या मशीनवर घातलं तेव्हापासून हळूहळू. दिवसभर धाड धाड धाड. आधी शिट्टीसारखं वाजायचं कानात. मग शिट्टी बंद झाली. मला वाटलं, बरं झालं. नंतर कळलं, शिट्टीबरोबर सगळंच बंद झालं.

साधना: आणि उजवा?

कुंदन: उजव्यावर भागतं. दादांचा आवाज तर दोन्ही कान नसते तरी आला असता.

साधना: डॉक्टरला दाखवलं?

कुंदन: कंपनीच्या डॉक्टरला कळलं तर प्रेसवरून काढतील, पॅकिंगला बसवतील. अंबडला कारखान्यांत सध्या कपात चालू आहे, कोणाला काही सांगायची सोय नाही. जीवनला माहीत आहे फक्त.

साधना: जीवनला माहीत आहे. बायकोला नाही. का?

कुंदन: तू टोमणा मारला असतास.

साधना: मी?

कुंदन: तू फार छान मारतेस. सगळ्यांवर मारतेस, मला आवडतात पण. माझ्यावर मारतेस तेही आवडतात. पण हा सहन झाला नसता. मारला असतास ना?

साधना: मारला असता.

कुंदन: काय म्हणाली असतीस?

साधना: आत्ता नाही सुचत.

कुंदन: फोन उजव्या कानाला धरतो ना, समोरचा माणूस थेट कानात बोलतो. माझा आवाजही मला नीट कळतो. म्हणून फोनवर हळू बोलता येतं. एरवी मी ओरडतोय की पुटपुटतोय, मला समजत नाही. निकिता लहान होती तेव्हा मी नुसतं 'ये' म्हटलं तर ती रडायला लागली होती, आठवतं? एवढ्या जोरात म्हटलं होतं. तेव्हापासून मी गप्पच बसायला लागलो. इथे बरं पडतं. इथे कानाचं काम नाही.

साधना: थांबा जरा. पलंगावर मी कुठल्या बाजूला झोपते?

कुंदन: डाव्या.

साधना: म्हणजे रात्री मी जे जे बोलायचे...

कुंदन: तुझ्याकडे पाठ केली की उजवा कान उशीत जातो.

साधना: म्हणजे मी अर्धी अर्धी रात्र भांडायचे आणि तुम्हाला गाढ झोप लागायची.

कुंदन: तेवढा एक फायदा होता.

साधना: हसू नका. मी रडायचे पण.

कुंदन: ते नाही ऐकलं.

साधना: नाही ऐकलं ते आत्ता कळलं मला. आणि मला वाटायचं, मुद्दाम करता.

कुंदन: कधी कधी मुद्दामही केलं. खोटं कशाला बोलू?

साधना: वा. निदान खरं तरी आलं बाहेर. ...निकिता शाळेत जायला लागली त्या वर्षी मी तुम्हाला विचारलं होतं. बालवाडीत बाई हव्या होत्या. कॉलनीतलीच, घरापासून दोन मिनिटांवर. त्या बाई स्वतः आल्या होत्या मला बोलवायला. मी रात्री विचारलं, जाऊ का? तुम्ही गप्प. परत दुसऱ्या दिवशी विचारलं. परत गप्प. मी सकाळी त्यांना जाऊन सांगितलं, आमच्या ह्यांना पसंत नाही. आठवडाभर ब्लाउजच्या बाहीला डोळे पुसत होते मी.

कुंदन: बालवाडी?

साधना: हो.

कुंदन: मला काहीच... साधना, मला हे आत्ता कळतंय. मी कशाला नाही म्हणेन? जा की.

साधना: आता कुठे जा? ती जागा गेली. सोसायटीतल्या कुलकर्णीबाई लागल्या तिथे. मुलांना मारतात म्हणे.

कुंदन: मग दुसरी बघू. एकच बालवाडी आहे का नाशकात? सोमवारी मला दुसरी पाळी आहे. सकाळी जाऊ दोघं, विचारू.

साधना: तुम्ही याल?

कुंदन: येतो. फक्त तू उजव्या बाजूने चाल.

साधना: तुम्हाला आतमध्ये बोलू नाही देणार मी. तुम्ही हळू म्हणून काहीतरी बोलाल आणि पोरं रडायला लागतील.

कुंदन: नाही बोलत. बाहेर थांबतो.

साधना: अहो, ती काठी... हलतेय बघा काहीतरी. वाकली.

कुंदन: हलू दे.

साधना: अहो ती असेल.

कुंदन: असू दे. तू सांग.

साधना: काय सांगू?

कुंदन: अजून काय काय विचारलं होतंस?

साधना: बरंच आहे. दिवस पुरायचा नाही.

कुंदन: पहिल्यापासून सांग.

साधना: पहिल्यापासून? पहिली गोष्ट म्हणजे लग्नाच्या दुसऱ्या वर्षी दिवाळीला मी म्हणाले होते, की...

गोरक्ष: ए साधे! पिकअप वळवली! पोरीची शाळा सुटंल! येतीस का नाय?

साधना: ओरडू नको, दादा. आत्ता कुठे यांना ऐकू यायला लागलंय.